गाडीचा साहेब कोण?

गाडीत कोण कुठे बसतो यावरून कोण किती मोठा, हे आपल्याकडे लगेच कळते. लग्नाच्या वऱ्हाडात ड्रायव्हरच्या शेजारची सीट नवरदेवाच्या मामांची. तिथे चुकून एखादा कॉलेजचा पोरगा बसलाच, तर "तू मागे जा रे बाळा" म्हणून त्याला उठवतात. काळी-पिवळीत पुढची जागा मास्तरांची नाहीतर ग्रामसेवकांची. आपण इंडस्ट्रियल व्हिजिटला निघालो की पुढे सर, मागे आपण. आणि पोलिसांच्या जीपमध्ये? पुढे साहेब, मधल्या सीटवर जमादार आणि पाठीमागे आडव्या बाकांवर शिपाई, होमगार्ड आणि कधी कधी आरोपीसुद्धा!

या सगळ्या उतरंडीत एका माणसाला कोणी मोजतच नाही. तो म्हणजे ज्याच्या हातात स्टिअरिंग असते तो. "ड्रायव्हर आहे ना? मग झालं!" एवढीच त्याची ओळख. मित्रांनो, मी अशाच एका माणसाचा मुलगा. माझे वडील खानदेशातल्या एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यात ड्रायव्हर हवालदार आहेत. घरात आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी किती साहेब फिरवले याची मोजदाद त्यांनाही नाही. हा लेख त्यांच्याविषयी आहे आणि सीट बेल्टविषयी आहे. आमच्याकडे त्याला सरळ "पट्टा" म्हणतात, म्हणून मीही पट्टाच म्हणणार आहे.

होस्टेलवर कुणाला चलन आले की रूमवर येऊन त्याचे पहिले वाक्य ठरलेले असते. "भो, त्यासले कोण पकडस?" म्हणजे पोलीस आपल्याला पकडतात, पण पोलिसांना कोण पकडणार? त्यांच्या स्वतःच्या गाडीत कोण पट्टा लावतो? मग सगळी रूम हसते आणि मी गप्प बसतो. कारण प्रश्न खोटा नाही. पोलीस लाइनीत लहानाचा मोठा झालो, पण कित्येक वर्षे मी गणवेशातल्या माणसाच्या छातीवर पट्टा पाहिला नव्हता. जुन्या जीपमध्ये पट्टे होते. पण ते सीट कव्हरच्या खाली दाबलेले! वर टर्किशचे टॉवेल अंथरलेले. बकल शोधायचे म्हटले तर अर्धी सीट उचकटावी लागली असती.

असे का, याची कारणे मी लाइनीतल्या काकांकडून लहानपणापासून ऐकत आलो. एक, "आरोपी पळाला तर पट्टा सोडत बसायचं का?" दोन, "कमरेला पिस्तूल, त्यात बकल अडकतं." तीन, "इथल्या इथे तर जायचंय." चौथे कारण कोणी उघड बोलत नाही, पण ते सगळ्यात मोठे आहे. साहेब लावत नाहीत, मग आपण लावला तर आपण भित्रे दिसू!

पहिले कारण मी स्वतः तपासले. आप्पांना सीटवर बसवले आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजले. बकल दाबणे, पट्टा बाजूला सारणे, दार उघडणे, या सगळ्याला त्यांना दोन सेकंदही लागले नाहीत. पळणारा आरोपी दोन सेकंदांत गाव सोडून जात नाही. पिस्तुलाचे म्हणाल तर ती सवयीची गोष्ट आहे. आधी पट्टा बसवायचा, मग कव्हर थोडे मागे सरकवायचे. राहिले "इथल्या इथे". त्याचे उत्तर आपल्या फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्येच आहे.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. याचा वर्ग करून २g ने भागा. उत्तर येते सुमारे १४ मीटर. म्हणजे साठच्या वेगात गाडी एखाद्या अचल वस्तूवर आदळणे आणि चार मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडणे, हे शरीराच्या हिशेबाने एकच. होस्टेलच्या गच्चीच्या कठड्यावर आपण कुणाला पाय सोडून बसू देत नाही. रेक्टर सर बघतील तर बिल्डिंग डोक्यावर घेतील. पण साठच्या वेगात बिनपट्ट्याचे बसायला मात्र कोणाचीच हरकत नसते!

पुढे बघा. गाडीचा पुढचा भाग दबतो आणि गाडी समजा साठ सेंटिमीटरमध्ये थांबते. पट्टा लावलेला ७० किलोचा माणूस गाडीबरोबर थांबतो. त्याच्यावर येणारे बल सुमारे १६ हजार न्यूटन, म्हणजे दीड टनाहून जास्त वजनाइतके. पट्टा ते बल खांदा, छाती आणि कमरेच्या हाडांवर वाटून देतो. शिवाय स्वतः थोडा ताणला जातो, त्यामुळे थांबायला आणखी थोडी जागा मिळते. ज्याने पट्टा लावला नाही तो मात्र गाडी थांबली तरी साठच्याच वेगाने पुढे जात राहतो. तो थांबतो डॅशबोर्डवर नाहीतर काचेवर, आणि तेही काही सेंटिमीटरमध्ये. अंतर सहापट कमी झाले की बल सहापट वाढते. "मी हाताने धरून बसतो की!" असे म्हणणाऱ्याने आधी दीड टन उचलून दाखवावे. तीन ठिकाणी बांधला जाणारा आजचा पट्टा व्होल्वो कंपनीत नील्स बोलिन या इंजिनिअरने १९५९ मध्ये काढला आणि कंपनीने तो सगळ्या जगाला वापरू दिला. आपल्या क्षेत्रातल्या माणसाच्या एका साध्या डिझाइनने किती जीव वाचवले असतील, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

हे गणित मला इथे आल्यावर समजले. आप्पांना ते आधीच समजले होते, वेगळ्या रीतीने.

मी दहावीला होतो. थंडीचे दिवस, कापसाचा हंगाम. नाईट राऊंडहून परत येताना रस्त्यात कापसाने भरलेली ट्रॉली उभी होती. ट्रॅक्टर पंक्चर. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, दोन दगड तेवढे ठेवलेले. समोरून येणाऱ्या ट्रकच्या प्रकाशात आप्पांना ती दिसली तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी ब्रेक दाबला, स्टिअरिंग कापले, तरी जीपची डावी बाजू ट्रॉलीत घुसली. वेग फार नव्हता, चाळीस-पंचेचाळीस असेल. आप्पांच्या छातीत स्टिअरिंग बसले, दोन बरगड्या गेल्या. शेजारी त्या रात्री साहेब नव्हते, जमादार होते. त्यांना आम्ही नाना म्हणतो. नाना काचेवर गेले. कपाळाला अकरा टाके पडले आणि गुडघ्याचा चुरा झाला. मागच्या बाकावरचा शिपाई पुढच्या सीटच्या पाठीवर येऊन आदळला, त्याचा खांदा निखळला.

नाना चार महिने घरी होते. परत आले ते मुद्देमाल कारकून म्हणून. ज्या माणसाने अर्धा जिल्हा मोटारसायकलवर पालथा घातला, तो आता जप्तीच्या वस्तूंना चिठ्ठ्या लावत खुर्चीवर बसतो. जिना चढताना थांबतो. भेटले की मला विचारतात, "काय इंजिनिअर, माझ्या गुडघ्याला ग्रीस मिळेल का तुमच्या वर्कशॉपात?" आणि स्वतःच हसतात. मला नाही हसता येत.

बरगड्या जुळल्यावर आप्पा कामावर रुजू झाले. पहिल्या दिवशी त्यांनी सीट कव्हर फाडून पट्टे बाहेर काढले. त्या दिवसापासून ते पट्टा लावतात. पण खरी अडचण पुढे होती. स्वतः लावणे सोपे, शेजारच्याला लावायला कसे सांगायचे? शेजारी साहेब! हवालदाराने साहेबांना "पट्टा लावा" म्हणायचे? पोलीस खात्यात हुकूम वरून खाली येतो, खालून वर कधी जात नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. सामाजिक सुरक्षेचे भाषण म्हणून नाही, गंमत म्हणून बघा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा कलम १९४ ब आले. पट्टा न लावता गाडी चालवणारा दंडाला पात्र, रक्कम १,००० रुपये. आणि पट्टा न लावलेले प्रवासी घेऊन जो गाडी चालवतो, तोही दंडाला पात्र. नीट वाचा. प्रवाशाने पट्टा लावला नाही तर कायदा बोट दाखवतो ड्रायव्हरकडे! त्याच दुरुस्तीत कलम २१० ब आहे. कायदा राबवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे, त्यांनीच तो मोडला तर दंड दुप्पट. म्हणजे होस्टेलच्या "त्यासले कोण पकडस?" या प्रश्नाला कायद्याच्या पुस्तकात उत्तर आहे. सर्वसामान्याला एकपट, पोलिसाला दोनपट.

मी ही दोन्ही कलमे आप्पांना वाचून दाखवली. त्यांनी ती शांतपणे ऐकली. मग म्हणाले, "म्हणजे साहेबांनी पट्टा नाही लावला तर गुन्हेगार मी. बरं आहे. म्हणजे गाडीत मी साहेबच झालो की!"

ते थट्टेत बोलले, पण मला वाटते त्यांनी एका वाक्यात सगळे सांगितले. विमानात मंत्री बसोत की उद्योगपती, उड्डाण करायचे की नाही हे पायलट ठरवतो आणि पट्टा लावा म्हटले की सगळे निमूट लावतात. तिथे कुणाचा अपमान होत नाही. जहाजावर कॅप्टनचा शब्द शेवटचा. फक्त मोटारीतच आपण उलटे करून ठेवले आहे. ज्याच्या हातात सगळ्यांचा जीव, त्याला बोलायची परवानगी नाही.

आपल्याकडचीच दोन उदाहरणे घ्या. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीची धडक बसली. ते मागच्या सीटवर बसले होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्याच प्रवाशांना पट्टा सक्तीचा असल्याचे जाहीर केले. २०२२ या एका वर्षात देशात पट्टा न लावलेले १६,७१५ जण अपघातात गेले, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यात निम्मे ड्रायव्हर आणि निम्मे प्रवासी. मोठा माणूस, महागडी गाडी, मागची सीट, यातले काहीच न्यूटनला कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, पोलिसांना अपघात दिसत नाहीत का? उलट त्यांच्याइतके कुणालाच दिसत नाहीत. आपला जळगाव-धुळे रस्ता, म्हणजे जुना सहा नंबरचा आणि आताचा ५३ नंबरचा महामार्ग, किती वर्षे जळगाव शहराच्या पोटातून जात होता ते आठवा. अजिंठा चौफुलीपासून खोटेनगरपर्यंत रोज जीव मुठीत. समांतर रस्त्यांसाठी लोकांनी आंदोलने केली ती उगीच नाही. तिकडे धुळ्याला याच महामार्गाला मुंबई-आग्रा रस्ता छेदतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून १५ मजूर गेले. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला आणि किमान दहा जण गेले. अशा ठिकाणी पंचनाम्याला उभे राहायचे, पत्रा कापून माणूस बाहेर काढायचा, नातेवाइकांना फोन करायचा आणि परत येताना स्वतः पट्टा न लावता जीपमध्ये बसायचे! रोज पाहून माणूस सावध होतो असे आपल्याला वाटते. आप्पा म्हणतात, रोज पाहून माणूस निबर होतो.

हे फक्त आपल्याकडे आहे असेही नाही. अमेरिकेत १९८० नंतरच्या जवळपास तीस वर्षांत गाडीच्या अपघातात जे पोलीस गेले, त्यांच्यातल्या दहापैकी साधारण चार जणांनी पट्टा लावलेला नव्हता. तिथे २०१० मध्ये "बिलो हंड्रेड" नावाची मोहीम सुरू झाली. वर्षाला नोकरीवर मरणाऱ्या पोलिसांची संख्या शंभराच्या खाली आणायची, हा उद्देश. तिचे पाच नियम आहेत. गोळी अडवणारे जाकीट दुसऱ्या नंबरला आहे. पहिला नियम एवढाच, की पट्टा लावा.

असो. पुन्हा आप्पांकडे येऊ. जीप जाऊन त्यांच्या ठाण्याला नवीन गाडी आली. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटना पट्ट्याची आठवण देणारा बझर लागतो. बसले आणि पट्टा नाही लावला की गाडी वाजू लागते. नव्या साहेबांना त्याचा फार त्रास झाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी आप्पांना एक छोटी वस्तू दिली. बकलमध्ये खुपसायची क्लिप. ती खुपसली की गाडीला वाटते पट्टा लावला आणि ती गप्प बसते. (अशा क्लिपांची विक्री ऑनलाइन दुकानांवरून हटवण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये दिला. तोपर्यंत त्यांची हजारो पाने तिथे होती!)

आप्पांनी क्लिप घेतली, "हो साहेब" म्हणाले आणि खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी गाडी परत वाजू लागली.

"क्लिप कुठे आहे?"

"हरवली साहेब."

साहेबांनी दुसरी दिली. तीही हरवली. तिसरी दिली नाही, नुसते बघितले. आप्पा समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले. गाडी वाजत राहिली. बायपासपर्यंत ती वाजतच होती म्हणे. मग शेजारून खट् असा आवाज आला आणि सगळे शांत झाले. त्यावर दोघेही एक शब्द बोलले नाहीत. आजही ते साहेब भेटले की आप्पांना हटकून विचारतात, "काय हवालदार, सापडली का क्लिप?"

त्या दोन्ही क्लिपा आमच्या घरी देव्हाऱ्याखालच्या खणात आहेत, हे त्या साहेबांना माहीत नाही. माझ्या आईला माहीत आहे. ती त्यांना हात लावत नाही.

गोष्ट इथे संपली असती तर छान झाले असते. पण साहेबांची बदली होते आणि नवीन साहेब आले की आप्पांचे सगळे पहिल्यापासून सुरू होते. कोणी लगेच लावतो, कोणी महिनाभर वाजत ठेवतो. एकाने "तू मला शिकवणार का?" असेही विचारले. आप्पा म्हणाले, "नाही साहेब, गाडी शिकवते. मी नुसता ड्रायव्हर."

आणि एक गोष्ट आप्पांनाही सुटलेली नाही. मागचे आडवे बाक. नियम सांगतो की पुढच्या सीटवरच्यांनी आणि मागे समोर तोंड करून बसणाऱ्यांनी पट्टा लावावा. आडव्या बाकावर तोंड बाजूला, म्हणून त्याला नियम नाही. बऱ्याच गाड्यांत त्या बाकाला पट्टाच नसतो. बंदोबस्ताला जाताना सहा-सहा पोरं तिथे लाठ्या आणि हेल्मेटं मांडीवर घेऊन बसतात. त्यातली काही माझ्याच वयाची आहेत, काही मुली आहेत. त्यांना बेशिस्त कसे म्हणणार? लावायला काहीच दिलेले नाही. इथे दोष माणसाचा नाही, डिझाइनचा आहे आणि खरेदीचा आहे. उद्या आपल्यापैकी कोणी गाड्यांच्या कंपनीत लागेल, कोणी आरटीओत इन्स्पेक्टर होईल, त्याने तो बाक आठवावा. आप्पांकडे तोपर्यंत एकच उपाय आहे. मागे पोरं असली की ते साठचे चाळीस करतात. वेग एक तृतीयांशाने कमी केला की आदळण्याची ऊर्जा निम्म्याहून कमी होते, हे त्यांना कोणी शिकवले नाही.

पट्टा म्हणजे सगळ्यावर औषध, असे मी म्हणत नाही. जून २०२३ मध्ये एरंडोल-कासोदा रस्त्यावर अंजनी धरणाजवळ पोलिसांच्या गाडीवर झाड कोसळले. अधिकारी आणि चालक दोघेही गेले. तिथे पट्टा काय करणार होता? ती बातमी आली त्या रात्री आप्पा जेवले नाहीत. एवढेच म्हणाले, "झाडाला कुठे कळतं साहेब कोणता आणि ड्रायव्हर कोणता!" जे आपल्या हातात नाही ते नाहीच. म्हणून जे हातात आहे, तेवढे तरी सोडू नये.

आता तुम्हाला आणि शिक्षकवृंदालाही एक विनंती. पुढच्या महिन्यात व्हिजिट सुरू होतील. ट्रॅक्स लागेल, क्रूझर लागेल. ड्रायव्हर कोणीतरी आबा किंवा भाऊ असेल, रात्रभर लग्नाचे भाडे मारून आलेला. त्याला आपण गाणी बदलायला सांगतो, "दाबा भाऊ, मेस बंद होईल" म्हणून घाई करतो. त्याऐवजी बसल्याबरोबर त्याला एकदा विचारा, "आबा, पट्टे कुठे आहेत?" सीट कव्हरखाली असतील तर त्याच्याबरोबर काढा. आणि पुढच्या सीटवर बसणाऱ्या सरांनी तो सर्वांत आधी लावावा. ड्रायव्हरला सरांना सांगायचे धाडस होणार नाही, आम्हाला तर मुळीच नाही. पुढच्या सीटने लावला की मागच्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

आणि हो, रस्त्यात नाकाबंदी लागली तर उन्हात उभ्या असलेल्या त्या शिपायाकडे बघून हसू नका. "तुमच्या गाडीत पट्टा आहे का हो?" असे त्याला जरूर विचारा. पण टोमणा म्हणून नको. काळजी म्हणून विचारा. त्याचीही घरी कोणीतरी वाट बघत असते. मला माहीत आहे, कारण ती वाट मी बघितलेली आहे.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)